रिकाम्या पेटीची ऊब

१

पेटी रिकामी होती, तर तिला ऊब कशाला लागत होती?

हा प्रश्न मी वहिनीला विचारला. दादाला स्मशानात पोचवून परत येताना गाडीत शेजारी बसलेल्या एका काकांनाही विचारला. ते नात्यानं कोण लागतात तेही मला धड ठाऊक नव्हतं. काकांनी माझा गुडघा थोपटला आणि खिडकीबाहेर बघितलं. वहिनीनं ऐकलंच नाही असं केलं.

पेटीतला सरडा मरून तीन महिने झाले होते. हातभर लांब, गळ्याखाली सुरकुत्यांची पिशवी, डोळे कायम अर्धे मिटलेले. दादा त्याला 'आजोबा' म्हणायचा. आजोबा गेले तेव्हा मागच्या अंगणात खड्डा मी खणला, माती दादानं लोटली. तेव्हापासून त्या काचेच्या पेटीत काही नव्हतं. वाळू, दोन फांद्या, एक सपाट दगड आणि दगडाखालची कपार, बस्स.

तरी त्या दिवशी भरदुपारी दादा पेटीसमोर गुडघ्यांवर बसलेला सापडला. डावा हात खांद्यापर्यंत आत, कपाळ काचेला टेकलेलं. वरचे दिवे चालू. करंट लागून गेला होता.

घर माणसांनी भरलं. मी सगळ्यांना पाणी देत फिरत होतो, कारण नुसतं उभं राहवत नव्हतं. तेव्हा वहिनी एकच वाक्य बोलली.

"वायरिंग धाकट्याचं आहे."

खोटं नव्हतं ते. वायरिंग माझंच होतं. पण त्यानंतर माझ्या हातातल्या ट्रेमधला एकही ग्लास कुणी उचलला नाही.

२

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. आईवडील गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, म्हणजे ओरडून ओरडून वाढवलं. सहावीत अर्ध्या वर्षातून मी उठलो तो परत वर्गात बसलोच नाही. तेव्हा मात्र तो ओरडला नाही. माझ्या हातात पक्कड दिली आणि म्हणाला, "अक्षरं जमत नसतील तर रंग तरी ओळख. लाल, काळा, हिरवा. एवढी तीन पुस्तकं पुरतात."

मग आम्ही दोघं वायरमन झालो. आमचे काही ठरलेले नियम होते. दादाची टेप काळी, माझी पिवळी. पुढं काही बिघडलं तर बॉक्स उघडताच कळावं की शिव्या कुणाला घालायच्या. भिंतीच्या दोन बाजूंना काम करताना हाका ऐकू येत नाहीत, म्हणून टकटक. एक टकटक म्हणजे लाइन चालू आहे, थांब. दोन म्हणजे लाइन बंद, घाल हात. दहा वर्षं मी त्या दोन टकटकींवर डोळे मिटून हात घातला. एकदाही चटका बसला नाही.

टेप गुंडाळून झाली की दादा शेवटचं टोक दुमडून त्याचा बारीकसा कान करायचा. पुढच्या माणसाला नखानं उकरत बसायला नको म्हणून. मी टेप दातानं तोडायचो आणि अंगठ्यानं दाबून टाकायचो.

"तुझा जोड उघडायचा म्हणजे चोराचं तोंड उघडायचं," तो म्हणायचा. "कान ठेव रे, गाढवा."

मी कधीच ठेवला नाही.

पेटीचं काम त्यानं मला एकट्याला करायला लावलं. "मी फक्त चुका काढणार," म्हणाला. मग मीही जीव ओतला. गरम दिव्याला चिनी मातीचा होल्डर लावला, कारण प्लॅस्टिकचा वितळतो. थर्मोस्टॅटचा सेन्सर दिव्याच्या बरोबर खाली दगडाला पक्का बांधला. तो सुटून बाहेर पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं की थंडी आहे, आणि तो तापवत सुटतो. दिवा एकाच बाजूला ठेवला, म्हणजे आजोबांना गरम वाटलं तर दुसऱ्या बाजूला सरकता येईल. प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ दिला. आत पाणी फवारावं लागतं. ते वायरीवरून ओघळलं तर झोळातून खाली टपकावं, प्लगात शिरू नये. दिव्याभोवतीच्या जाळीला अर्थिंग दिलं. आणि या सगळ्याच्या आधी पेटीचा स्वतःचा ट्रिप स्विच बसवला. कुठं करंट गळला की पापणी लवायच्या आत लाइन तोडणारा.

दादानं तासभर चुका शोधल्या.

"हा झोळ वाकडा आहे."

"वाकडा चालतो."

"चालतो. पण मला काहीतरी बोलायला हवं ना."

आतून वहिनी ओरडली, "दोघं मिळून एका सरड्याला महाल बांधा. माझा स्वयंपाकघरातला पंखा सहा महिने बंद आहे, त्याचं काय?"

त्या दिवशी आम्ही पंखाही लावला.

३

दादा गेल्यावर दहाव्या दिवशी, बुधवारी, वहिनीचा फोन आला. "शुक्रवारी विजेचे इन्स्पेक्टर येणार आहेत. त्याआधी एकदा बघून जा."

मला वाटलं, तिचा राग उतरला. हातातलं काम अर्धं टाकून गेलो. मला फक्त एक गोष्ट हवी होती. तुझ्या हातानं दादा गेला नाही, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. वहिनीनं म्हटलं असतं तर मला जगात दुसरं काही नको होतं.

तिनं दार उघडलं आणि वाटेतून बाजूला झाली.

पेटीच्या, मागच्या खोलीचा मेन दादा गेला त्याच दिवशी खाली पाडून वर कागदाची पट्टी डकवली होती. पट्टी शाबूत होती. खोलीत खिडकी एकच, आणि तिच्या तोंडावर शेजारची भिंत, त्यामुळं ऊन कधीच येत नाही. फरशी इतकी गार की मोज्यांतूनही पायांना झोंबत होती.

पेटीत दोन तापमापक आहेत, काट्यांचे, सेल न लागणारे. गार बाजूचा एकोणिसावर होता. गरम बाजूचा एकतीसवर.

काटा अडकला असणार. टिचकी मारली. तो थरथरला आणि परत एकतीसवर गेला. मग मी दोन्ही तापमापक काढून त्यांची अदलाबदल केली आणि स्टुलावर बसून राहिलो. बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. वहिनी भांडी लावत होती. पाच मिनिटांत एकतीसवाला एकोणिसाकडे उतरला आणि एकोणिसवाला चढून एकतीसवर जाऊन थांबला.

मी दिव्याला हात लावला. गार. होल्डर गार. मग दगडाला हात लावला.

नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा तो कोमट होता.

मी स्वतःला सांगितलं, दगड ऊब धरून ठेवतो. दहा दिवस? धरत असेल. मला कुठं शाळा माहीत आहे.

४

मग मी ट्रिप स्विचचा बॉक्स उघडला, कारण मुळात आलो त्यासाठीच होतो.

स्विच जागेवर होता. पण त्याला वळसा घालून दोन वायरी सरळ पलीकडे नेल्या होत्या. येणारी लाइन जाणाऱ्या लाइनला थेट जोडलेली. म्हणजे स्विच नुसता शोभेला. करंट गळो, पाणी लागो, माणूस मरो, त्याला काही कळणार नाही.

जोडांवर टेप पिवळी होती.

मी फरशीवर बसलो. केलं का मी हे? कधी? तपासणीसाठी क्षणभर जोडून काढायचं विसरलो का? दीड वर्षापूर्वीचं सगळं काम डोळ्यांसमोरून वायर वायर करून फिरवलं. नाही. पण डोकं म्हणत होतं, हो, तूच, तुझीच टेप आहे, तू धांदरट आहेस, सगळे म्हणतात ते काय उगाच?

मग टेपचं टोक दिसलं. दुमडलेलं. बारीकसा कान.

पुढचं मी विचार करून केलं नाही. तो कान धरून टेप ओढली, दोन्ही जोड पकडीनं तोडले, वायरी भिंतीवर आपटल्या. हे सगळं करून झाल्यावर कळलं की इन्स्पेक्टरसाहेबांना दाखवायला आता काहीच उरलं नाही.

वहिनी ओट्याशी उभी होती. मी टेपचा तुकडा तिच्यासमोर धरला.

"हे दादानं केलंय."

ती ताट पुसत राहिली.

"वहिनी, माझी टेप वापरून दादानं केलंय हे! तुला माहीत होतं?"

"बॅटरी मीच धरली होती," ती म्हणाली.

"आणि सगळ्यांसमोर माझं नाव घेतलंस?"

"तोच म्हणाला होता. कधी काही झालं तर धाकट्याचं नाव लागू दे. तो तरुण आहे, सावरेल."

ताट कधीच कोरडं झालं होतं. ती पुसतच होती.

"पण का? ट्रिप पडत होता म्हणजे कुठंतरी करंट गळत होता. ते शोधायचं असतं. ट्रिपला गप्प करायचं नसतं. त्यानंच शिकवलं मला!"

"ट्रिप पडला की ते गार व्हायचं."

"काय ते? पेटीत काय आहे?"

तिनं ताट मांडणीत ठेवलं, मग दुसरं घेतलं. तेही कोरडंच होतं.

५

गुरुवारी वहिनी सकाळीच बहिणीकडे गेली. जायच्या आधी किल्ली माझ्याकडे पोचवली. सोबत चिठ्ठी नव्हती, निरोप नव्हता. मी दुपारी गेलो. साहेब यायच्या आत तोडलेलं सगळं नीट करून ठेवू, एवढाच विचार होता. कुलूप मीच उघडलं. मेनवरची पट्टी तशीच होती.

बॉक्स उघडला.

दोन्ही जोड परत बांधलेले होते. पिवळी टेप, ताजी, चिकट. डावखुरा दादा गुंडाळायचा तशी उलट्या अंगानं गेलेली. टोकाला कान.

माझी टेप माझ्या खिशात होती. खिसा चाचपून बघितला. होती. आदल्या दिवशी मी टेप अंगठ्यानं दाबून बंद केली होती. आता तिचंही टोक दुमडलेलं होतं.

मी खूप कारणं काढली. वहिनी डावखुरी नाही, पण करेल बघून बघून. रात्री माझा शर्ट माझ्या खोलीत खुंटीला होता, तिथं कोण येणार? मग मीच केलं असेल, दुःखात माणूस काहीही करतो. मी डाव्या हातानं टेप गुंडाळून बघितली. तीन वेढ्यांत चुरगळली.

गरम बाजूचा तापमापक आता तेहतीसवर होता. काचेवर धुकं आलं होतं, तळहाताएवढं, दगडाच्या बाजूला. बाहीनं पुसलं. पुसलं गेलं नाही. ते आतून होतं. आणि ते लहान व्हायचं, मोठं व्हायचं, परत लहान व्हायचं.

मी मोठ्यानं म्हणालो, "दादा, का केलंस रे?"

मला लाज वाटली नाही. घरात कुणी नव्हतं.

दगडाखालून टकटक झाली. दोन.

६

लाइन बंद, घाल हात.

तुम्हाला हे कळणार नाही. त्या आवाजावर माझा हात मला न विचारता जातो. दहा वर्षांची सवय आहे. मी काच सरकवली. हात कोपरापर्यंत आत गेलाही. आत ओलसर ऊब होती, पांघरुणातली असते तशी. बोटं जाळीपासून वीतभर राहिली असतील, आणि मला काय सुचलं कोण जाणे, दुसऱ्या हातानं खिशातला टेस्टर काढून मी जाळीला टेकवला.

टेस्टर पेटला.

मी हात मागं घेतला तो कपाटावर आपटला. धावत जाऊन मेन बघितला. खाली. पट्टी शाबूत. परत येऊन टेस्टर लावला. पेटला. लालभडक, स्थिर.

आणि परत दोन टकटक. सावकाश, समजावल्यासारखी.

दादानं मला कधी खोटी टकटक दिली नव्हती. कधीच. टेपचं मी कसंतरी गिळलं असतं. तो घाबरला असेल, त्याला दुसरं सुचलं नसेल. पण दोन टकटक? माझ्यासाठी? मग मनात आलं, हे दादा नसेल. आमची खूण नुसती ऐकून शिकलेलं काहीतरी असेल. त्या दुपारी दादालाही कुणी दोनच दिल्या असतील, आणि त्याला वाटलं असेल... कुणाच्या वाटल्या असतील त्या त्याला? माझ्या? मी तर त्या वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला शिडीवर होतो.

या दोहोंतलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी फरशीवर पालथा झालो आणि बॅटरीचा झोत कपारीत टाकला.

आधी नुसती वाळू दिसली. मग तिच्यामागं काहीतरी फिकट. थंडीत शेकोटीवर माणूस तळहात धरतो, एक बाजू शेकली की उलटा करतो. ते तसं उलटं झालं. अगदी निवांत. झोत लागल्यावर मागं सरकलं नाही. उलट थोडं पुढं आलं, माझ्या तोंडाच्या दिशेनं, जिथून माझा गरम श्वास जात होता तिकडं.

बॅटरी मी तिथंच टाकली. कुलूप कसं लावलं आठवत नाही.

७

शुक्रवारी वहिनी माझ्या आधी येऊन बसली होती. पेटीजवळ, स्टुलावर. केस विंचरलेले, साडी चांगली. माझी बॅटरी पुसून कपाटावर ठेवलेली.

"बघितलंस," ती म्हणाली. विचारलं नाही तिनं, नुसतं म्हणाली.

"वहिनी, तो दादा नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मला हात घालायला सांगत होतं ते. लाइन चालू असताना."

"गारठतो तो. जो जवळ असेल त्याला बोलावणारच." मग आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगितलंस तर ते पेटी फोडतील. मुद्दाम केलेलं काम म्हणून सगळं उचलून नेतील. बाहेर अंगणात ठेवतील, गारठ्यात. चूक म्हणालास तर नुसतं दुरुस्त करा म्हणतील."

"आणि माझं काय?"

तिनं माझ्याकडे बघितलं. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. ओठ हलले. वाटलं, आता म्हणेल. पण तेवढ्यात दारावर थाप पडली.

साहेब जाडजूड, दमलेले. बूट काढू का नको करत राहिले आणि शेवटी काढले नाहीत. पट्टी फाडली, बॉक्स उघडला, बराच वेळ आत बघत राहिले.

"जाळीवर टेस्टर लावलात का?" मी विचारलं.

त्यांनी लावला. पेटला नाही. तापमापकाकडे त्यांनी बघितलंही नाही.

"शिक्षण किती?"

"सहावी. अर्धी."

"आणि परवाना?"

मी दाखवला. आयुष्यात एवढ्या एकाच परीक्षेत मी पास झालो होतो. दादानं रंग पाठ करून घेतले होते.

"साहेब, पेटी रिकामी होती तर तिला ऊब कशाला लागत होती?"

"प्रश्न मी विचारायचे असतात." त्यांनी पेन काढलं. "ट्रिपला बगल दिली आहे. पिवळी टेप. तुमच्या दोघांच्या कामाच्या वहीत लिहिलंय की पिवळी टेप धाकट्या भावाची. हा जोड कुणाचा?"

मी तो कान त्यांना दाखवू शकलो असतो. उलटे वेढे दाखवू शकलो असतो. दोन मिनिटांचं काम होतं. सांगताही आलं असतं, त्याची बॅटरी धरलेली बायको इथंच बसली आहे साहेब, तिला विचारा. वहिनी काचेकडे बघत होती. माझ्याकडे नाही. काचेवर आतून धुकं मोठं होत होतं, लहान होत होतं.

"माझा," मी म्हणालो. "काढायचा राहिला."

साहेबांनी परवाना घडी घालून स्वतःच्या फायलीत ठेवला. कुठं सही करायची ते बोटानं दाखवलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "भाऊ होता ना रे तुझा?" आणि उत्तराची वाट न बघता गेले.

मला वाटलं, आता तरी वहिनी काही म्हणेल.

"कर चालू," ती म्हणाली. "सकाळपासून गार पडलंय."

मी आयुष्यातलं शेवटचं वायरिंग केलं. वळसा तोडला, ट्रिप परत मधे घेतला. करंट होल्डरमागच्या सांध्यात पाणी शिरून गळत होता. ते सापडायला मला दहा मिनिटं लागली. दादाला पाच लागली असती. त्यानं शोधलंच नव्हतं. होल्डर बदलला, तारा घट्ट केल्या. आता ट्रिप उगाच पडणार नाही आणि वहिनीनं आत हात घातला तरी तिला काही होणार नाही. सगळा वेळ मी तोंडानं श्वास घेतला नाही, आणि कपारीकडे पाठ केली नाही.

मेन वर केला. दिवा लागला. दगडाखाली काहीतरी लांब पसरलं, उन्हात मांजर पसरतं तसं, आणि वाळू सरसरली. वहिनीनं स्टूल काचेला भिडवलं. तिचा चेहरा तांबड्या उजेडात इतका शांत दिसला, की मला तिचा हेवा वाटला आणि तिची चीडही आली.

"किती ठेवू?" मी थर्मोस्टॅटला हात लावून विचारलं. "आजोबांना गरम बाजूला चाळीस लागायचं, दुसरीकडे पंचवीस."

"सदतीस," ती वळून न बघता म्हणाली. "माणसाच्या अंगात असतं तेवढं. दोन्हीकडे सारखं."

मी दुसऱ्या बाजूला अजून एक दिवा बसवला आणि दोन्हीकडे सदतीस लावलं.